जाड भिंतींच्या घरात वायफाय कॉलिंग, सात महिन्यांचा अनुभव

आमचं घर नागपूरच्या महालात, बडकस चौकातून आत गल्लीत, सासऱ्यांच्या वडलांनी बांधलेलं, भिंती दीड दीड फुटाच्या आणि स्वयंपाकघर सगळ्यात मागे. मी घरून डबे करते, रोजचे पस्तीस-चाळीस, अर्धे हॉस्टेलच्या पोरांचे आणि बाकीचे मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, पेशंटजवळ बसलेल्या नातेवाइकांचे. फोन लागला नाही की माझं दुकान बंद, इतकं सरळ आहे. आणि ह्या मागच्या स्वयंपाकघरात मोबाईलची एक कांडी पण येत नाही, कोणतंही सिम टाका. आधी फोन अंगणातल्या कोनाड्यात ठेवायची आणि रिंग वाजली की कणकेच्या हाताने पळायची, नाहीतर सासूबाई उचलायच्या आणि "थांबा हं, बोलावते" म्हणेपर्यंत समोरचा कट करायचा.

दिवाळीत भाचा आला होता, तो मिहानमध्ये एका कंपनीत नेटवर्कचं काम करतो, त्याने माझ्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून दिलं. तेव्हापासून सात महिने झाले, चांगलं वाईट दोन्ही पाहून झालं, म्हणून सविस्तर लिहून राहिली आहे. सर्विस खरंच चांगली आहे आणि जाड भिंतीच्या घरात किंवा तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने ती वापरलीच पाहिजे. पण घरातला राउटर नीट नसेल तर ती फसवते. फोनवर सगळं बरोबर दिसतं, वर वायफाय कॉलिंगची खूण असते, तुम्ही लावलेला फोन लागतो, आणि तुम्हाला आलेला फोन मात्र येतच नाही, आणि तो आला नाही हे तुम्हाला तेव्हा कळतही नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, हा व्हॉट्सअॅप कॉल नाही. आपला नेहमीचा नंबर, नेहमीचा डायलर, समोरच्याकडे साधा बटणाचा फोन असो नाहीतर लँडलाईन, त्याला काही फरक पडत नाही. फक्त आपल्या घरापासून कंपनीपर्यंतचा रस्ता टॉवरऐवजी आपल्या वायफायवरून जातो. आपल्याकडे एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये सुरू केलं, जिओने जानेवारी २०२० मध्ये. वेगळे पैसे नाही, प्लॅनमध्ये जे कॉल आहेत त्यातच धरतात. डेटा पण किती कमी लागतो, मिनिटाला एक एमबीच्या आसपास, म्हणजे घरी सगळ्यात स्वस्तातला फायबरचा प्लॅन असला तरी पुरून उरतो. हे मी मुद्दाम सांगते कारण ह्याच गोष्टीवर माझे पैसे गेले.

पहिले पंधरा दिवस मी खूश होती. मग एकेक जण बोलायला लागलं, काकू तुमचा फोन बंद येतो, काकू तुमचा फोन लागत नाही. मी म्हणायची अरे माझ्या हातातच आहे फोन. एकदा यवतमाळचे एक दादा, त्यांचे वडील मेडिकलमध्ये भरती होते, त्यांनी संध्याकाळी चार वेळा फोन लावला, डबा सांगायला, आणि चारही वेळा त्यांना आउट ऑफ कव्हरेज ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लागला तेव्हा ते म्हणाले, ताई रात्री बिस्किटावर काढली आम्ही. ते मला फार लागलं. फोन माझ्यासमोर ओट्यावर होता, वायफाय फुल होतं, मी भाकरी करून राहिली होती.

फायबरवाल्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला तर तिथल्या मुलीने विचारलं प्लॅन कोणता आहे, मी म्हटलं १०० एमबीपीएस, ती म्हणाली मॅडम कॉलिंगसाठी स्पीड कमी पडत असेल, ३०० चा घ्या. घेतला, महिनाभर जास्तीचे पैसे भरले, काडीचा फरक पडला नाही. आता कळतं की पडणारच नव्हता. स्पीड म्हणजे रस्त्याची रुंदी, आवाजाला त्याची एक कड पुरते, त्याला रस्ता उघडा आणि सारखा पाहिजे, रुंद असून काही उपयोग नाही. मग त्यांचा पोरगा आला घरी, बॉक्स बंद करून चालू केला, माझ्या फोनवर फोन लावून दाखवला, लागला, "बघा काकू, झालं", गेला. अर्ध्या तासात पुन्हा तेच. असं तीनदा झालं. त्या पोराचा दोष नाही, रिस्टार्ट केल्यावर दहा-पंधरा मिनिटं सगळं खरंच चालते, म्हणून जो येतो त्याला वाटते काम झालं.

शेवटी मी डब्याच्या हिशोबाच्या वहीतच मागच्या पानावर लिहायला लागली. वेळ, फोन आला का गेला, त्याआधी फोनला हात कधी लावला होता. आठ दिवसांचं पान माझ्यासमोर आहे आत्ता, त्यातलं देते. सोमवार ११.४०, दोन मिनिटं आधीच मी किराणावाल्याला फोन लावला होता, इनकमिंग आला. १२.१५, अर्ध्या तासापासून फोन पडून, नाही आला, नंतर मिस्ड कॉलचा मेसेज. १२.२०, मी परत लावला, लागला, नीट बोलणं झालं. १२.२२, दुसऱ्याचा आला. १.१०, पडून, नाही आला. मंगळवारी तसंच, बुधवारी तसंच. फोन वापरात असला की सगळं ठीक, पडून राहिला की इनकमिंग बंद. हे पान भाच्याला फोटो काढून पाठवलं आणि त्याचा लगेच फोन आला (नशिबाने लागला), म्हणे मावशी, तू अर्धं काम केलं.

त्याने आधी एक परीक्षा करायला लावली, ती मी सगळ्यांना सांगते कारण ह्याने निम्मी भांडणं वाचतात. फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, मग फक्त वायफाय चालू करायचं, आणि घरच्या वायफायऐवजी दुसऱ्याच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडायचा. मी ह्यांचा फोन अंगणात ठेवला हॉटस्पॉट लावून आणि माझा बाजूला. अर्धा तास फोनला हात लावला नाही आणि मग सासूबाईंना लावायला सांगितला. आला. पुन्हा अर्ध्या तासाने, पुन्हा आला. म्हणजे सिम चांगलं, फोन चांगला, कंपनीने वायफाय कॉलिंग चालू ठेवलेलं, सेटिंग बरोबर. बिघाड घरच्या नेटमध्ये. हे इथे कळलं नसतं तर मी सिम पोर्ट करायला निघाली होती.

एअरप्लेन मोड का, तर नाहीतर फोन एका कांडीच्या टॉवरला चिकटून बसतो आणि आपल्याला वाटते आपण वायफायवर आहोत. अँड्रॉइडवर सिमच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग असते, बऱ्याच फोनमध्ये तिथेच वायफायला पसंती का मोबाईल नेटवर्कला पसंती असं विचारतात, स्वयंपाकघरासारख्या जागेसाठी वायफाय करून ठेवा. आयफोनमध्ये पण सेटिंगच्या मोबाईलवाल्या भागातच आहे. दोन सिम असतील तर दोन्हीचं वेगळं चालू करावं लागते. आणि व्हीओएलटीई, म्हणजे टॉवरच्या ४जी वरून बोलायची सोय, चालू पाहिजे, ते बंद असेल तर घरातून बाहेर पडताना कॉल टॉवरवर सरकत नाही, कट होते. काही अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* डायल केलं की एक पान उघडते, त्यात फोनच्या माहितीत वायफाय कॉलिंग उपलब्ध आहे का ते लिहून येते. सगळ्या फोनवर हा कोड चालत नाही.

आता बिघाड. भाच्याने समजावलं ते मला समजलं तसं लिहिते. आपला फोन वायफायवरून मोबाईल कंपनीच्या एका दरवाज्यापर्यंत कुलूपबंद बोगदा बनवतो, त्याला आयपीसेक म्हणतात, आणि तो यूडीपी नावाच्या नेटच्या वाहतुकीच्या ५०० आणि ४५०० ह्या दोन पोर्टवरून, म्हणजे नंबर दिलेल्या दारांवरून, जातो. बोगदा नेहमी फोनच बाहेर काढतो, कंपनी आत येत नाही. इनकमिंग कॉल आला की तो त्या आधीच उघडलेल्या बोगद्यातून परत येतो. राउटर काय करतो, कोणाचा बोगदा कुठे गेला ह्याची नोंद ठेवतो आणि काही वेळ कोणी हललं नाही की ती नोंद पुसून टाकतो. सोसायटीच्या चौकीदाराला सांगून ठेवलं की माझ्याकडे पाहुणे येणार आहेत आणि तो विसरला, पाहुणा गेटवरून परत गेला, तसं. फोन मधूनमधून एक छोटं पाकीट पाठवून आठवण करून देतो, पण काही बॉक्स इतक्या लवकर विसरतात की त्या दोन आठवणींच्या मध्येच नोंद गेलेली असते. फोनला वाटते बोगदा आहे, म्हणून खूण दिसत राहते.

आणि आमच्याकडे असे चौकीदार दोन होते. फायबर कंपनीचा बॉक्स समोरच्या खोलीत, त्याच्या मागे आम्हीच तीन वर्षांपूर्वी घेतलेला टीपी-लिंकचा आर्चर सी६ राउटर, कारण बॉक्सचं वायफाय आतपर्यंत पोचत नव्हतं. दोन्ही आपापली नोंद ठेवून राहिले होते. ह्याला डबल नॅट म्हणतात आणि माझ्या माहितीतल्या निम्म्या घरी असंच आहे, कंपनीने एक दिला, पोराने दुसरा आणला, वायर एकातून दुसऱ्यात, झालं. नेट चालते, व्हिडिओ चालते, म्हणून कोणाला शंका येत नाही.

लगेच करण्यासारखं एक असतं, आपला राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाकायचा, म्हणजे तो फक्त वायफाय वाटतो, नोंदी कंपनीचा बॉक्स एकटाच ठेवतो. ते केलं, थोडा फरक पडला, पण विसरणारा कंपनीचा बॉक्सच होता त्यामुळे पूर्ण गेलं नाही. मग उलटं केलं. कंपनीला सांगून बॉक्स ब्रिज मोडवर टाकायला लावला आणि लॉगिन आर्चरमध्ये भरलं, म्हणजे आता बॉक्स फक्त फायबरचं वायरमध्ये करून देतो आणि नोंदी सगळ्या आर्चरकडे. ह्यासाठी मला कस्टमर केअरशी चार वेळा बोलावं लागलं. दोघांना ब्रिज म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, एकाने सांगितलं होत नाही, चौथ्याने पाच मिनिटांत करून दिलं. म्हणून नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करा, आणि पीपीपीओईचा, म्हणजे फायबरच्या लॉगिनचा, युजरनेम पासवर्ड आधी मागून वहीत लिहून घ्या, नाहीतर बॉक्स ब्रिजवर जातो आणि घरात नेटच राहत नाही, पोरांची परीक्षा असेल तर घरात बोंब होते.

त्या दिवसापासून आजपर्यंत पडून असलेल्या फोनवर इनकमिंग येते. वहीचं पान मी आणखी दोन आठवडे चालू ठेवलं, एक चुकला, तो पण लाईट गेली होती तेव्हाचा.

आर्चरबद्दल सांगायचं तर ह्या कामासाठी मला आवडला. अॅडव्हान्स्डमध्ये नॅट फॉरवर्डिंग, त्यात एएलजी, तिथे आयपीसेक पासथ्रूचं, म्हणजे बोगदा जाऊ द्यायचं, बटण आहे, ते चालू पाहिजे, माझ्याकडे आधीपासून चालूच होतं. तुमचा राउटर दुसरा असेल तर सुरक्षा नाहीतर व्हीपीएन पासथ्रू अशा नावाखाली शोधा. कंपनीच्या बॉक्समध्ये फायरवॉल लो, मीडियम, हाय असं असते, माझ्या बहिणीकडे मानेवाड्याला ती हायवर होती आणि तिच्याकडे वायफाय कॉलिंगची खूणच येत नव्हती, मीडियम केलं आणि दोन मिनिटांत आली. म्हणजे खूणच येत नसेल तर रस्ता बंद आहे, आणि खूण असून इनकमिंग नसेल तर विसरभोळा बॉक्स आहे. मला हा फरक आधी कोणी सांगितला असता तर दोन महिने वाचले असते.

लोक सांगतात पोर्ट फॉरवर्डिंग करा, फोनला डीएमझेडमध्ये टाका, म्हणजे बाहेरून फोनपर्यंत यायला राउटरमध्ये वाट उघडा. करू नका. बोगदा आतून बाहेर जातो, बाहेरून काही उघडायची गरजच नाही, उगाच घराचं दार सताड उघडं ठेवल्यासारखं होते. सिप एएलजी, म्हणजे इंटरनेट कॉलमध्ये राउटरने मधे हात घालायची सोय, बंद करा हे पण प्रत्येक जण सांगतो. ते दुसऱ्या इंटरनेट फोनच्या अॅपसाठी ठीक आहे, पण वायफाय कॉलिंगचं सगळं बोलणं त्या कुलूपबंद बोगद्याच्या आत असते, राउटरला ते दिसतच नाही, त्यामुळे बंद केल्याने ह्याला काही होत नाही.

आमच्याकडे मधेच एक आठवडा खूण गायब झाली होती आणि मी पुन्हा राउटरला बोल लावला. निघालं दुसरंच. पोराने जाहिराती येऊ नये म्हणून माझ्या फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस टाकला होता, डीएनएस म्हणजे नावावरून नेटवरचा पत्ता शोधून देणारा. फोनला मोबाईल कंपनीच्या त्या दरवाज्याचा पत्ता डीएनएसवरूनच मिळतो, आणि त्याला तो मिळून नाही राहिला होता. ऑटोमॅटिक केलं, आलं. फोनमध्ये कोणतं व्हीपीएन चालू असेल तर ते पण आधी बंद करून पाहा.

आता आवाज तुटण्याबद्दल, ही वेगळी गोष्ट आहे, ह्याला बोगदा कारण नाही. एप्रिल लागला आणि माझे कॉल पुन्हा खराब झाले, येत होते पण समोरचा म्हणायचा आवाज कापून कापून येऊन राहिला. दोन दिवस मी विचार करत होती की बदललं काय. मग मधल्या खोलीत उभी राहिली आणि दिसलं, कूलर बसवला होता. आमचा कूलर जुना लोखंडी, माझ्या छातीपर्यंत उंच, खाली टाकीभर पाणी, आणि तो बरोबर समोरच्या खोलीतला राउटर आणि मागचं स्वयंपाकघर ह्यांच्या मधल्या दरवाज्याशी. पत्रा सिग्नल परत फेकतो आणि पाणी पिऊन टाकते, आणि इथे दोन्ही एकत्र. दीड फुटाच्या भिंतीतून येते असं जे मला वाटत होतं ते त्या उघड्या दरवाज्यातूनच येत होतं हे मला तेव्हा समजलं. नागपुरात मार्च ते जून कूलर काढता तर येत नाही. मग बारा मीटरची लॅन वायर आणून राउटर बोळीतल्या फडताळावर नेला, स्वयंपाकघराच्या तोंडाशी, छातीच्या वर. एका दुपारचं काम होतं, इलेक्ट्रिशियनने दोन भोकं पाडली. माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा ह्या वायरने झाला, रिपीटर घेण्यापेक्षा हे करा, रिपीटर तोच कमजोर सिग्नल उचलून पुढे देतो. फक्त राउटर कूलरच्या ओल्या झोताच्या किंवा गॅसच्या जवळ नको, मे मध्ये तो आधीच हाताला चटका लागेल इतका तापते.

अजून दोन गोष्टी केल्या. राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही वायफाय एकाच नावाने होते, फोन दारात आला की एकातून दुसऱ्यात उडी मारायचा आणि तेवढ्यात वाक्य गिळायचा. स्मार्ट कनेक्ट बंद केलं, दोन नावं वेगळी केली, माझा फोन फक्त २.४ वर, कारण जाड भिंतीतून तेच बरं येते. आमच्या गल्लीत घराला घर लागून आहे त्यामुळे २.४ वर गर्दी, चॅनल १, ६ आणि ११ मधून जो रिकामा दिसेल तो घ्यायचा, मला ११ मिळाला. आणि मायक्रोवेव्ह. तो पण २.४ च्याच आसपास चालतो, चालू असताना फोन त्याच्या बाजूला ठेवला की आवाज खरखरतो. फोन आता ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, डब्यांच्या रॅकवर.

तुम्हाला समोरच्याचं नीट ऐकू येते पण त्याला तुमचं तुटते असं असेल तर घरात कोणीतरी काही अपलोड करून राहिलं आहे का पाहा. आमच्याकडे पोराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढायचे ते नेमके जेवणाच्या वेळी. राउटरच्या क्यूओएसमध्ये, जिथे कोणाला आधी नेट द्यायचं ते ठरते, माझ्या फोनला प्रायॉरिटी दिली आणि त्याला सांगितलं रात्री चढव.

लाईटचं राहिलं. वायफाय गेलं की फोन गेला, ही ह्या सर्विसची खरी कमजोरी, उन्हाळ्यात तर दिवसातून एकदा तरी जाते. राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस येते, बर्डीला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो. घेताना दुकानदाराला राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर दाखवा आणि फायबरच्या बॉक्सला पण त्यातूनच द्यायचं आहे हे आधी सांगा, कारण नुसता राउटर चालू राहून काही होत नाही, बॉक्स बंद तर नेट बंद. आम्ही पहिला एकाच पिनचा आणला आणि परत जाऊन दोन पिनचा घ्यावा लागला.

ह्यांच्या जुन्या फोनमध्ये वायफाय कॉलिंगचं बटणच नाही, कंपनीने त्या मॉडेलला दिलंच नाही, त्याला राउटरमध्ये काही करून उपाय नाही. घ्यायच्या आधी आपल्या सिमच्या कंपनीच्या यादीत मॉडेल पाहून घ्या. ओटीपीचे मेसेज माझ्याकडे वायफायवर येतात. बोलता बोलता मी गेटपर्यंत डबे द्यायला गेली तर कॉल टॉवरवर सरकतो, एखाद वेळी एक सेकंद गप्प होते, मग चालू. आणि ११२ ला फोन करायची वेळ आली तर मी अंगणात जाऊन टॉवरवरूनच करीन आणि पत्ता तोंडाने सांगीन, हे मी सासूबाईंना पण शिकवून ठेवलं आहे.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो कस्टमर केअरचा, कारण एवढी चांगली सोय देऊन ती चालवायची कशी हे सांगणारं माणूस फोनवर मिळत नाही. यवतमाळच्या दादांचे वडील घरी गेले, मागच्या आठवड्यात त्यांनीच त्यांच्या ओळखीच्या एकाला माझा नंबर दिला. त्याचा कॉल रात्री साडेनऊला आला, माझा फोन तासाभरापासून रॅकवर पडलेला होता, पहिल्याच रिंगला लागला, दोन डबे, एक बिनतिखटाचा.